घटक ४ : घरच्या संगणकात दुरून प्रवेश – फायरवॉलची मांडणी आणि नियमांची भाषा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• फायरवॉल म्हणजे काय आणि ती नेमके काय अडवते हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
• घरच्या संगणकात दुरून प्रवेश करण्याच्या तीन मार्गांची तुलना करता येईल.
• फायरवॉलची मांडणी कोणत्या क्रमाने करावी हे स्पष्ट करता येईल.
• परवानगी आणि मनाई यांचे नियम निःसंदिग्ध मराठीत लिहिता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपर लेखनाचे सामान्य विशेष पाहिले. माहितीपर लेखनाचा एक उपप्रकार म्हणजे नियमलेखन. ग्रंथालयाची नियमावली, सोसायटीचे पोटनियम, कारखान्यातील सूचनाफलक ही त्याची परिचित उदाहरणे होत. या लेखनात शब्द जागचा हलला की अर्थ हलतो आणि अर्थ हलला की व्यवहारात नुकसान होते. फायरवॉल हा संगणकातील भाग म्हणजे मूलतः अशाच नियमांची यादी असते. म्हणून तिच्या आधारे नियमलेखनाचा अभ्यास करणे सोयीचे आहे.

अभ्यासासाठी एक काल्पनिक परिस्थिती गृहीत धरू. जुन्नर तालुक्यातील एका गावात राहणारा एक विद्यार्थी चाकणच्या कारखान्यात नोकरी करतो आणि आठवडाभर तिकडेच राहतो. गावच्या घरी त्याचा संगणक आहे. त्यात टोमॅटोच्या विक्रीचे हिशेब, सातबारा उताऱ्यांच्या प्रती, आईच्या आजारपणाचे कागद आणि त्याचे स्वतःचे प्रकल्पलेखन आहे. बुधवारी रात्री त्याला त्यातील एक फाइल हवी असते. घर गाठायचे तर शनिवार उजाडेल. अशा वेळी ‘आपला संगणक आपल्याला इथूनच उघडता आला तर?’ हा विचार स्वाभाविक आहे. परंतु ज्या दारातून घरधनी आत येतो, ते दार इतरांनाही दिसते. दार ठेवायचे आणि घरही राखायचे, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ गडाचे दरवाजे आणि घाटाचा नाका

येण्याजाण्यावर नियंत्रण ठेवण्याची कल्पना जुन्नर परिसराला नवी नाही. सातवाहनकाळी कोकणातील बंदरांकडून देशावर येणारा माल नाणेघाटाने चढत असे. घाटमाथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण दिसतो. त्यात जकात जमा होत असे, असे परंपरा सांगते. या वाटेच्या आणि जुन्नरच्या परिसरात जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले उभे आहेत. वाट खुली ठेवणे ही व्यापाराची गरज होती आणि ती निरखणे ही राज्यकर्त्याची. वाट बंद केली तर जकातही बंद होणार, आणि मोकळी सोडली तर शत्रूही येणार.

शिवनेरीवर राजमार्गाने जाताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. त्यांपैकी एकाचे नाव ‘परवानगीचा दरवाजा’ असे आहे. फायरवॉलचे कार्य सांगण्यास याहून नेमका मराठी शब्द शोधून सापडणार नाही. एक दरवाजा पडला तरी पुढचा उभा असतो, हे सात दरवाजांमागचे तत्त्वही आपणांस पुढे उपयोगी पडणार आहे. याच गडाच्या कड्यावर साखळीच्या आधाराने चढण्याची एक निराळी वाटही आहे. राजमार्गावर सात दरवाजे असूनही अशी आडवाट राखली नाही, तर त्या दरवाजांचा उपयोग उरत नाही. संगणकाच्या बाबतीतही धोका पुष्कळदा आडवाटेने येतो.

४.३.२ फायरवॉल : संकल्पना

एका घराची आग शेजारच्या घरात पसरू नये म्हणून मध्ये जी न पेटणारी भिंत बांधतात, तिला इंग्रजीत ‘फायरवॉल’ म्हणतात. संगणकाच्या क्षेत्रात हा शब्द १९८०च्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत सुटलेल्या ‘मॉरिस वर्म’ या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. एका यंत्रातील आग दुसऱ्यात जाऊ नये, ही निकड तेव्हा सर्वांस जाणवली.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पुडक्यांच्या रूपाने प्रवास करतो. प्रत्येक पुडक्यावर तीन गोष्टी नोंदलेल्या असतात : ते कोठून निघाले, कोठे जायचे आहे आणि तेथील कोणत्या क्रमांकाच्या दारावर थांबायचे आहे. या दाराला ‘पोर्ट’ म्हणतात. हे दार भिंतीत दिसणारे नव्हे. तो केवळ एक क्रमांक असतो. विंडोजचे ‘रिमोट डेस्कटॉप’ सामान्यतः ३३८९ या पोर्टवर, लिनक्सवरील ‘एसएसएच’ २२ या पोर्टवर आणि ‘व्हीएनसी’ ५९०० या पोर्टवर प्रतिसाद देते. फायरवॉल या नोंदी वाचते, आपल्या यादीतील नियमांशी ताडते आणि पुडके आत सोडते किंवा अडवते.

घरात साधारणतः दोन फायरवॉल असतात. पहिली राउटरमध्ये असते. ती गावाच्या वेशीसारखी होय. दुसरी संगणकातच असते. ती घराच्या दारासारखी होय. विंडोज एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सुधारणा-संचापासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू स्थितीत मिळू लागली. तिचा मूळ पवित्रा असा : आतून बाहेर जाणाऱ्यास मोकळीक, बाहेरून आत येणाऱ्यास नियम असल्याखेरीज मज्जाव.

४.३.३ दुरून प्रवेशाचे तीन मार्ग

पहिला मार्ग थेट दाराचा. राउटरला सांगायचे की ३३८९ या पोर्टवर कोणी आले तर त्याला घरच्या संगणकाकडे पाठवावे. यास ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. हा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा आहे. उघडी दारे शोधत इंटरनेटवर अहोरात्र फिरणारे प्रोग्रॅम असतात. घर लहान आहे, गाव आडबाजूचे आहे, याचा त्यांना पत्ता नसतो. त्यांना फक्त क्रमांक दिसतात. दार सापडले की हजारो पासवर्ड लावून पाहिले जातात. कित्येकदा पासवर्डचीही गरज उरत नाही. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्ल्यूकीप’ या दोषामुळे जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून पासवर्डाविना आत शिरणे शक्य होते. हा दोष इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने पाठबळ संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती उपलब्ध केली. काही जण ३३८९ ऐवजी दुसरा क्रमांक वापरतात. त्याने गोंगाट कमी होतो, पण संरक्षण वाढत नाही. घरावरची पाटी बदलल्याने कुलूप मजबूत होत नसते.

दुसरा मार्ग खासगी वाटेचा. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात ‘जीएमआरटी’ आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. या सर्व अँटेना ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्राशी जोडलेल्या असून तेथून त्या हलवल्या जातात. दुरून नियंत्रणाचे हे आपल्या परिसरातील उत्तम उदाहरण होय. मात्र घरासाठी चाकणपासून गावापर्यंत स्वतःची फायबर टाकणे कोणालाही परवडणार नाही. त्यावर तोड म्हणजे ‘व्हीपीएन’. सार्वजनिक रस्त्यावरूनच, पण सांकेतिक रूपात बंद करून नेलेली ती खासगी वाट असते. ज्याच्याकडे योग्य किल्ली आहे तोच तिच्यात शिरू शकतो. ‘वायरगार्ड’ हे असे एक साधन असून मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे. किल्ली नसलेल्याने दार ठोठावले तर ते उत्तरच देत नाही. त्यामुळे दार आहे की नाही हेही बाहेरच्यास सहसा कळत नाही.

तिसरा मार्ग मध्यस्थाचा. येथे घरचा संगणक स्वतःच एखाद्या सेवेशी आतून बाहेर जोडणी करतो आणि आपणही त्याच सेवेमार्फत त्याच्याशी बोलतो. राउटरवर एकही दार उघडावे लागत नाही. ग्रामीण भागात हा मार्ग अनेकदा अपरिहार्य ठरतो. मोबाइल इंटरनेटवर आणि काही ब्रॉडबँड जोडण्यांवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो. अशा वेळी बाहेरून येणारे पुडके कोणत्या घरी द्यायचे हे कंपनीच्या यंत्रास कळत नाही आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि इंटरनेटवरील एखाद्या संकेतस्थळास दिसणारा आपला पत्ता निराळे असतील, तर आपण सामायिक पत्त्यामागे आहोत. या मार्गात मध्यस्थावर विश्वास टाकावा लागतो. म्हणून त्याच्या खात्याला दुहेरी पडताळणी अत्यावश्यक आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) पोर्टचा क्रमांक बदलल्याने संरक्षण का वाढत नाही?
(आ) सामायिक सार्वजनिक पत्ता असल्यास कोणता मार्ग चालत नाही?

४.३.४ मांडणीचा क्रम

आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याने व्हीपीएनचा मार्ग निवडला असे समजू. त्याने पुढील क्रमाने जावे.

१. गरज तपासावी. केवळ काही फाइली हव्या असतील, तर त्या एखाद्या ऑनलाइन साठवणीत ठेवणे पुरेसे आहे. जे दार लागत नाही ते न ठेवणे हे सर्वांत स्वस्त संरक्षण होय.

२. संगणक सज्ज करावा. विंडोज अद्ययावत करावी. दुरून वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते आणि लांब पासवर्ड ठेवावा. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने प्रवेश देण्याची सोय नसते, हेही आधी पाहावे.

३. राउटर राखावा. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. राउटरची मांडणी बाहेरून बदलण्याची सोय बंद करावी. ‘यूपीएनपी’ ही सोयही बंद करावी. तिच्यामुळे घरातील एखादे उपकरण मालकास न विचारता राउटरवर दार उघडू शकते. हीच ती साखळीची वाट.

४. संगणकास घरातील कायमचा पत्ता द्यावा. पत्ता रोज बदलत राहिला तर नियम चुकीच्या यंत्रास लागू होईल. वीज गेल्यावर संगणक बंद पडतो; वीज परतताच तो आपोआप सुरू होईल अशी सोय अनेक संगणकांत असते, ती चालू करावी.

५. राउटरवर फक्त व्हीपीएनचे एक दार उघडावे. ३३८९ उघडू नये.

६. संगणकातील फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमाची व्याप्ती आक्रसावी. हा नियम मुळात कोणत्याही पत्त्यास परवानगी देणारा असू शकतो. तेथे फक्त व्हीपीएनच्या पत्त्यांचा पट्टा लिहावा. असे केल्याने वेस आणि घर अशी दोन्ही दारे राखली जातात.

७. आयपीव्ही६ तपासावे. या नव्या पत्तापद्धतीत घरातील प्रत्येक यंत्रास स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तेथे राउटरमागे लपण्याचा आडोसा नसतो. फायरवॉल हीच काय ती भिंत. जुन्या पद्धतीसाठी लिहिलेला नियम नव्या पद्धतीस आपोआप लागू होईल असे समजू नये.

८. बाहेरून पारख करावी. घरच्या वायफायवर बसून घेतलेली चाचणी खरी नव्हे. मोबाइलचे इंटरनेट वापरून प्रथम व्हीपीएनशिवाय प्रयत्न करावा. तो फसला पाहिजे. नंतर व्हीपीएनसह करावा. तो यशस्वी झाला पाहिजे. दोन्ही निकाल मिळाल्याशिवाय मांडणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

हे सर्व काम घरी, संगणकासमोर बसून करावे. चाकणहून दुरून नियम बदलताना एखादी मनाई चुकीची लागली, तर आपणच बाहेर राहतो आणि ती काढायला गाव गाठावे लागते.

४.३.५ नियमाची भाषा

वरील मांडणी नियमरूपात लिहिताना मराठी वाक्यरचनेचे चार प्रश्न पुढे येतात.

पहिला, ‘फक्त’ या शब्दाचे स्थान. पुढील वाक्ये पाहा :

(क) फक्त व्हीपीएनमधून आलेल्यांना रिमोट डेस्कटॉपवर प्रवेश द्यावा.
(ख) व्हीपीएनमधून आलेल्यांना फक्त रिमोट डेस्कटॉपवर प्रवेश द्यावा.

दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत. (क) हे वाक्य ‘कोण’ यावर मर्यादा घालते : इतर मार्गांनी आलेल्यांना रिमोट डेस्कटॉप मिळणार नाही. (ख) हे वाक्य ‘काय’ यावर मर्यादा घालते : व्हीपीएनमधून आलेल्यांना घरातील इतर सेवा मिळणार नाहीत. मात्र थेट इंटरनेटवरून आलेल्यांविषयी (ख) काहीच सांगत नाही. (क)च्या जागी (ख) लिहिले गेले, तर वेशीचे दार उघडे राहील आणि लिहिणाऱ्यास ते बंद असल्याचा भास होईल. आपणांस दोन्ही मर्यादा हव्या असतील तर दोन वाक्ये लिहावीत. एकाच वाक्यात दोन ‘फक्त’ कोंबू नयेत.

दुसरा प्रश्न, येणे आणि जाणे. मराठीत ही क्रियापदे बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतात. चाकणला बसलेल्याच्या दृष्टीने त्याची जोडणी घरी ‘जाते’. घरच्या फायरवॉलच्या दृष्टीने ती ‘येते’. नियम नेहमी फायरवॉलच्या जागी उभे राहून लिहावा आणि ती जागा आरंभीच सांगावी.

तिसरा, कर्मणी प्रयोग. ‘पोर्ट उघडले जावे’ या वाक्यात कोणी आणि कोठे या दोन्ही गोष्टी हरवल्या आहेत. राउटरवर उघडायचे की संगणकावर? ‘राउटरवर व्हीपीएनचे पोर्ट उघडावे’ असे लिहिले की शंका उरत नाही.

चौथा, क्रम. अनेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि जुळणारा पहिला नियम लावतात. त्यामुळे ‘सर्वांस मनाई’ हा नियम वर लिहिला, तर खालील परवानग्या निष्फळ होतात. अशा यादीत आधी नेमक्या परवानग्या आणि शेवटी सर्वसाधारण मनाई असा क्रम असावा. विंडोजच्या फायरवॉलची रीत मात्र वेगळी आहे : तेथे स्पष्ट मनाईचा नियम परस्परविरोधी परवानगीवर मात करतो. म्हणून तेथे ‘सर्वांस मनाई’ असा वेगळा नियम न लिहिता मूळ मज्जावावरच विसंबावे. कायद्याच्या भाषेतही ‘इतर नियमांत काहीही म्हटले असले तरी’ यासारखी वाक्ये हेच काम करतात : कोणता नियम कोणावर वरचढ, हे ती ठरवतात.

४.३.६ फायरवॉलच्या मर्यादा

फायरवॉल दारावर उभी असते. घरातल्याने स्वतःहून कोणाला आत घेतले तर ती काही करू शकत नाही. ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या आणि पडद्यावरचा क्रमांक सांगा’ असे दूरध्वनीवर सांगणारा भामटा नेमकी हीच उणीव वापरतो. त्याने घ्यायला लावलेले ॲप जोडणी आतून बाहेर करते आणि आतून जाणाऱ्यास तर मोकळीक असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दुरून नियंत्रणाच्या ॲपद्वारे होणाऱ्या अशा फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. घरी संगणक वा मोबाइल वापरणाऱ्या आईवडिलांना ही गोष्ट समजावून सांगणे हा मांडणीचाच भाग मानावा. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या मदत-क्रमांकावर त्वरित कळवावे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार दायित्वास पात्र आहे. ते कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तसेच, फायरवॉल ही प्रतींची जागा घेऊ शकत नाही. हिशेबांची आणि कागदपत्रांची एक प्रत संगणकापासून अलग केलेल्या डिस्कवर असावी. सातही दरवाजे पडले तरी जे वाचते, ते हेच.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘घरातल्यांनाच छपाईयंत्र वापरता यावे’ आणि ‘घरातल्यांना छपाईयंत्रच वापरता यावे’ यांतील अर्थभेद सांगा.
(आ) फसव्या ॲपला फायरवॉल का अडवत नाही?

४.४ सारांश

फायरवॉल ही परवानगी आणि मनाई यांच्या नियमांची यादी असून ती येणाऱ्या पुडक्यांचा पत्ता आणि पोर्ट पाहून निर्णय घेते. घरच्या संगणकात दुरून प्रवेशासाठी थेट दार, व्हीपीएन आणि मध्यस्थ असे तीन मार्ग आहेत. त्यांपैकी थेट दार टाळावे. वेस आणि घर अशा दोन्ही ठिकाणी नियम असावेत, आडवाटा बुजवाव्यात आणि पारख बाहेरून करावी. नियम लिहिताना ‘फक्त’ व ‘च’ यांचे स्थान, क्रियापदाची दिशा, कर्त्याचा व जागेचा उल्लेख आणि नियमांचा क्रम या चार बाबींकडे लक्ष द्यावे.

४.५ पारिभाषिक संज्ञा

फायरवॉल : ‘अग्निभिंत’ असा प्रतिशब्द सुचतो, परंतु वापरात ‘फायरवॉल’ हाच शब्द रुळला आहे. वाचकास पडद्यावर जो शब्द दिसतो तोच सूचनेत वापरणे हिताचे.
पोर्ट : संगणकावरील सेवेचा क्रमांक, येथे बंदर हा अर्थ नाही.
व्हीपीएन : सार्वजनिक जाळ्यावरील सांकेतिक खासगी वाट.
व्याप्ती : नियम कोणत्या पत्त्यांना लागू आहे याची मर्यादा.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) शोध घेणारे प्रोग्रॅम सर्वच क्रमांक तपासू शकतात, दारामागील दोष आणि दुबळा पासवर्ड तसेच राहतात. (आ) पोर्ट फॉरवर्डिंग.
प्रश्न २ : (अ) पहिल्या वाक्यात बाहेरच्यांना छपाईयंत्र नाकारले आहे, दुसऱ्यात घरातल्यांना इतर सर्व साधने नाकारली आहेत. (आ) ते जोडणी आतून बाहेर करते आणि मूळ नियम अशा जोडणीस मोकळीक देतो.

४.७ स्वाध्याय

१. वेस, दरवाजा आणि जकातनाका या प्रतिमांच्या साहाय्याने फायरवॉलचे कार्य स्पष्ट करा. या प्रतिमा कोठे अपुऱ्या पडतात तेही लिहा.
२. व्हीपीएन आणि मध्यस्थ सेवा यांची तुलना करून आपल्या गावातील इंटरनेट जोडणीस कोणता मार्ग योग्य ठरेल ते सकारण सांगा.
३. उपक्रम : आपल्या अभ्यासकेंद्रातील, ग्रामपंचायतीतील किंवा सोसायटीतील एक सूचनाफलक उतरवून घ्या. त्यातील ‘फक्त’, ‘च’, ‘खेरीज’ या शब्दांचे स्थान तपासा. सूचनेचे दोन अर्थ निघत असतील, तर ती एकच अर्थ देईल अशा रीतीने पुन्हा लिहा.